किती वेळ लागेल?

नव्वदच्या दशकात पुण्यात संगणकाची बारीकसारीक कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांना गिऱ्हाईक यंत्राचा वेग कधी विचारत नसे. प्रश्न ठरलेला: 'किती वेळ लागेल?' साखर कारखान्याचा हिशेबनीस असो, पतसंस्थेचा मॅनेजर असो की दिवाळी अंकाची पानं घेऊन आलेला मुद्रक, मशीन कितीचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. कुणाला गाडी पकडायची असे, कुणाची संध्याकाळी संचालकांची सभा असे, कुणाच्या डोळ्यांसमोर एसटीडीचं बिल असे. उत्तर मिनिटांत द्यावं लागे आणि मिनिटं तर कुठल्याच यंत्रावर लिहिलेली नसत. मॉडेमवर बिट, फ्लॉपीवर मेगाबाइट, सीडी ड्राइव्हवर नुसतंच 'टू-एक्स', टेपच्या रिळावर इंचाला किती ते. या सगळ्याची मिनिटं करून देणं हा माझ्या नोकरीतला, नेमणूकपत्रात कुठेही न लिहिलेला पण रोजचा भाग होता.

मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन डेटा एंट्रीला लागले होते. आमचं ऑफिस शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर. काम मुख्यतः जुन्या यंत्रांतली माहिती नव्या यंत्रांत उतरवून देण्याचं. शिवाय मुंबईच्या शाखेशी रोजची देवाणघेवाण. भागाकार बरा यायचा म्हणून वेळेचा हिशेब हळूहळू माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला.

पहिला घोळ व्हायचा तो बिट आणि बाइटचा. आमच्याकडे तेव्हा २४०० बीपीएसचा मॉडेम होता. त्याला सगळे 'चोवीसशे बॉडचा' म्हणत. खरं तर तो फोनच्या तारेवर सेकंदाला ६०० वेळाच खूण बदलायचा आणि दर खुणेत चार बिट कोंबायचा. पण या बारकाव्याने गिऱ्हाइकाचं काही अडत नसे. अडायचं ते पुढे. एका कारखान्याचे हिशेबनीस कागदावर गणित मांडूनच आले होते.

"ताई, चोवीसशेचा मॉडेम म्हणजे सेकंदाला चोवीसशे अक्षरं. माझी फाइल सात लाखांची. पाच मिनिटांत गेली पाहिजे."

"चोवीसशे अक्षरं नाहीत काका, चोवीसशे बिट. आठ बिटांचं एक अक्षर होतं."

"मग तीनशे अक्षरं."

"तीनशेही नाहीत. दोनशे चाळीस."

आठाने भागायचं तिथे दहाने का, हे त्यांना समजावताना मालगाडी कामी आली. आठ डबे माल, पण पुढे इंजिन आणि मागे गार्डचा डबा. रुळावरून जातात दहा. मॉडेमकडे जाणाऱ्या प्रत्येक बाइटच्या आधी एक 'स्टार्ट' बिट आणि शेवटी एक 'स्टॉप' बिट लागतो. माल आठ बिटांचा, वाहतूक दहाची. म्हणून २४०० ला २४०, ९६०० ला ९६०. काकांच्या सात लाखांना पाच मिनिटं नव्हे, पाऊण तासाच्या वर तीन-चार मिनिटं, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मग रात्री अकरानंतर लावता का?" एसटीडीचा पाव दर अकरानंतर सुरू व्हायचा, हे गणित त्यांना आमच्याहून चांगलं येत होतं.

रोज तोच भागाकार करण्यापेक्षा मी फोनशेजारच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला. माप धरलं एका भरलेल्या फ्लॉपीचं, कारण ती सगळ्यांच्या हातात असे. साडेतीन इंची, '१.४४ एमबी'ची फ्लॉपी. हा आकडाही सरळ नाही. फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळावर १८ भाग, दर भागात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० येतात. याला दहा लाखांनी भागलं तर १.४७ येतं आणि १०२४ च्या वर्गाने भागलं तर १.४१. मग १.४४ आलं कुठून? १४४० किलोबाइट, त्यातला किलो १०२४ चा. आणि पुढे किलोचे मेगा करताना मात्र भागलं हजाराने. एकाच आकड्यात दोन वेगवेगळी मापं. कारखानदारांनी ते छापलं आणि जगाने मुकाट्याने मान्य केलं.

पण याच खिचडीमुळे माझ्या तक्त्यात एक गंमत झाली. चोवीसशेच्या मॉडेमवर एक फ्लॉपी जायला ६,१४४ सेकंद, म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटं. ९६०० वर १,५३६ सेकंद, साडेपंचवीस मिनिटं. १४,४०० च्या मॉडेमवर दहाने भागून सेकंदाला १४४० बाइट. आणि फ्लॉपी १४४० गुणिले १०२४. उत्तर नेमकं १,०२४ सेकंद! २८,८०० ला ५१२. दोन संगणक केबलने जोडून सीरियल पोर्टचा जास्तीत जास्त १,१५,२०० चा वेग धरला तर १२८. या तिन्ही ठिकाणी दोनाचे घात. हा निव्वळ योगायोग आहे. मॉडेमवाल्यांनी फ्लॉपीवाल्यांना विचारून वेग ठरवला नव्हता. मॉडेमचा वेग सेकंदाला २४०० खुणा आणि दर खुणेत सहा बिट असा आला होता आणि त्याचा किलो मुळातच साधा हजाराचा. पण त्यामुळे तक्ता तोंडपाठ झाला आणि फोनवर बोलता बोलता उत्तर देता येऊ लागलं.

फ्लॉपी ड्राइव्हचा स्वतःचा वेग मात्र कुठेच छापलेला नसे. तो काढावा लागे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात १८ भाग डोक्याखालून जातात, म्हणजे ९,२१६ बाइट. सेकंदाला ४६,०८०. याहून जास्त शक्यच नाही. एकूण १६० वर्तुळं, पाचाने भागून ३२ सेकंदांत सगळी फ्लॉपी वाचून व्हायला हवी. प्रत्यक्षात डोकं एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकतं, फेरा चुकतो, फाइलींची यादी पुन्हा पुन्हा पाहावी लागते. मिनिटभर सहज जातं. तरीही केबल शोधून, ती जोडून, दोन्ही यंत्रांवर प्रोग्रॅम चालू करेपर्यंत फ्लॉपीवाला शेजारच्या टेबलावर काम उरकून चहाला गेलेला असे.

मुंबईच्या शाखेला काय फोनवरून पाठवायचं आणि काय माणसाबरोबर, हेही मग आकड्यांवर ठरू लागलं. १९३० पासून पुणेकरांना मुंबईला पोचवणारी डेक्कन क्वीन आमच्या हिशेबात एक वाहिनीच होती. दहा फ्लॉप्यांचा एक डबा घेऊन माणूस सकाळी घरातून निघाला आणि मुंबईच्या टेबलापर्यंत पाच तास धरले, तर सेकंदाला ८१९ बाइट पडतात. आमचा मॉडेम सेकंदाला २४०. तोच डबा मॉडेमवरून पाठवायचा तर सतरा तास एसटीडी चालू ठेवावी लागली असती. बरं, माणसाच्या पिशवीत दोन डबे टाकले तर वेग दुप्पट, तिकीट तेवढंच. पुढे अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या नेटवर्कवरच्या पाठ्यपुस्तकात टेपांनी भरलेल्या मोटारीचं असंच गणित वाचलं तेव्हा ते ओळखीचं वाटलं.

अर्थात या हिशेबात एक मेख आहे. रेल्वेने पाठवलेला पहिला बाइट पोचायला पाच तास लागतात आणि शेवटचाही त्याच क्षणी पोचतो. मॉडेमवर पहिला लगेच पोचतो. चार ओळींचा निरोप असेल, एखादा दर बदलला असेल, तर डेक्कन क्वीनच्या ८१९ बाइटांचा काही उपयोग नाही. माल किती जातो आणि पहिला नग कधी पोचतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला या रोजच्या निर्णयांनी शिकवलं. आमचा नियम साधा झाला: अर्ध्या फ्लॉपीच्या आतलं असेल तर रात्री मॉडेमवर, त्याच्या वर असेल तर सकाळच्या गाडीने.

छापील आकडा किती फसवा असू शकतो, याचा सर्वांत मोठा धडा टेपने दिला. एका जुन्या संस्थेचं मोठं यंत्र मोडीत निघणार होतं आणि त्याच्या कपाटभर टेपांमधली माहिती पीसीवर हवी होती. त्यांच्या पत्रात दर टेपला ४६ एमबी धरून दर मागवले होते. आकडा रिळावरच्या चिठ्ठीवरून आलेला: २४०० फूट, १६०० बीपीआय. या टेपेवर नऊ ओळी शेजारीशेजारी चालतात, आठ बिट आणि एक पडताळणीचा. म्हणजे आडव्या रेघेत एक पूर्ण बाइट बसतो आणि इंचाला १६०० म्हणजे १६०० बाइटच. २४०० फुटांचे २८,८०० इंच. गुणाकार चार कोटी साठ लाख ऐंशी हजार. हिशेबात खोट काढायला जागा नाही.

आमच्याकडे एक निवृत्त टेप ऑपरेटर अर्धा वेळ येत. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, ब्लॉकिंग विचारलंत का त्यांना?"

मग त्यांनी कागदावर टेपेचा तुकडा काढून दाखवला. ही टेप थांबत थांबत चालते. थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला जागा लागते म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर ०.६ इंच फीत कोरी सोडलेली असते. आता जर माहिती पंचकार्डावरून जशीच्या तशी उतरवली असेल, तर एक ब्लॉक म्हणजे एक कार्ड, ८० अक्षरं. इंचाला १६०० च्या हिशेबाने ती फक्त ०.०५ इंचात मावतात. मग परत ०.६ इंच कोरी फीत. एक हिस्सा माहिती, बारा हिस्से मोकळी जागा! ४६ एमबीच्या टेपेवर जेमतेम ३५ लाख बाइट. बत्तीस फ्लॉप्यांच्या जागी तीन. दहा-दहा कार्डांचा एक ब्लॉक केला असता तर त्याच टेपेवर दोन कोटींच्या वर अक्षरं बसली असती. संस्थेला विचारलं, बहुतेक टेपा एक-एक कार्डाच्याच निघाल्या. रीळ तेच, चिठ्ठी तीच, पण आतला माल लिहिणाऱ्याच्या पद्धतीवर ठरलेला.

आणि वेळ? सेकंदाला ७५ इंच चालणारा टेप ड्राइव्ह न थांबता २८,८०० इंच सव्वासहा-साडेसहा मिनिटांत संपवतो. पण त्या यंत्रातून आमच्या पीसीपर्यंतचा रस्ता होता ९६०० ची सीरियल लाइन आणि त्यावर फाइली पाठवणारा कर्मिट हा प्रोग्रॅम. ३५ लाख भागिले ९६० म्हणजेच तासाच्या वर गेलं. शिवाय कर्मिट छोट्या छोट्या पुड्या बांधून पाठवतो आणि प्रत्येक पुडीची पोच आल्याशिवाय पुढची सोडत नाही. आम्ही दर टेपला दीड तास सांगितला. संस्थेचे साहेब म्हणाले, "आमचा ड्राइव्ह तर सहा मिनिटांत वाचतो." वाचतो ना. पण सहा मिनिटांत वाचलेलं दीड तासाच्या नळीतून बाहेर यायचं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही कामाचा वेळ सांगण्याआधी सगळी साखळी कागदावर मांडायची आणि तिच्यातला सर्वांत मंद दुवा शोधायची. बाकीच्या दुव्यांचे आकडे वाचायचीसुद्धा नाही.

पुढे मॉडेम बदलले आणि दहाने भागायचा नियमही ढिला झाला. चुका सुधारणारे 'व्ही-४२'चे मॉडेम आले. ते फोनच्या तारेवर स्टार्ट-स्टॉपचे बिट टाकून देत आणि बाइटांचे गठ्ठे पाठवत. त्यामुळे १४,४०० वर १४४० ऐवजी १७०० च्या आसपास बाइट मिळू लागले. त्यातच माहिती दाबून पाठवायची सोय आली आणि खोक्यावर ५७,६०० छापलेलं दिसू लागलं: चौपट दाबलं जाईल असं गृहीत धरून! खातेवहीची साधी मजकुराची फाइल दुप्पट वेगाने जायची खरी. पण पैसे वाचवायला आम्ही सगळं आधीच पीकेझिप या फाइली दाबणाऱ्या प्रोग्रॅमने बांधून ठेवत असू, आणि बांधलेलं पुन्हा दाबलं जात नाही. आमच्यासाठी १४,४०० चा मॉडेम १४,४०० चाच राहिला.

पडद्यावर उमटणारा आकडाही सांभाळून वाचावा लागे. जोडणी झाली की 'कनेक्ट' या शब्दापुढे एक संख्या यायची. बऱ्याच मॉडेमांत ती संगणक आणि मॉडेम यांच्यामधल्या वेगाची असे. फोनच्या तारेवर किती मिळतंय हे त्यात कळत नसे. १९,२०० दिसतंय म्हणून खूश झालेल्या माणसाला तारेवर ९६०० मिळत असत. पावसाळ्यात तर लाइनवर खरखर सुरू झाली की दोन्हीकडचे मॉडेम आपसांत ठरवून वेग उतरवत आणि चोवीसशेचा बाराशेवर येई. खरा आकडा फाइली पाठवणारा झेडमोडेम दाखवायचा, सेकंदाला किती अक्षरं गेली तो. मी तक्त्याशेजारी पेन्सिलने तोच लिहायला लागले. शिवाय झेडमोडेमची मोठी मेहेरबानी म्हणजे लाइन तुटली तर तो तुटल्या जागेपासून पुढे सुरू करी. वेळेच्या अंदाजात या एका सोयीचं मोल वेगाच्या एका पायरीहून जास्त होतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्याकडे उलट दिशेचे प्रश्न येऊ लागले. "मॉडेम अठ्ठावीस हजार आठशेचा घेतला आणि फाइल उतरवताना पडद्यावर २.८ दिसतं. दुकानदाराने फसवलं का?" नाही. दहाने भागून २,८८०, त्याला १०२४ ने भागून २.८. मॉडेम उत्तम चाललाय. ५६ केचे मॉडेम आले तेव्हा सांगावं लागे की हा वेग उतरवून घेताना, आणि तोही लाइन फार चांगली असेल तर, पाठवताना ३३.६ च.

सीडीने तर सगळी मापंच मोडली. 'वन-एक्स' म्हणजे सेकंदाला ७५ भाग, दर भागात २०४८ बाइट, एकूण १,५३,६००. फ्लॉपीच्या सव्वातीन पटींहून थोडं जास्त. ७४ मिनिटांची भरलेली सीडी २८,८०० च्या मॉडेमवरून उतरवायची म्हटली तर पासष्ट तास सेहेचाळीस मिनिटं. संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट येणाऱ्या सीडीसाठी लोक मासिक का घेत, याचं उत्तर या आकड्यात आहे.

२००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएस आणि त्यापुढच्या जोडणीला ब्रॉडबँड ठरवलं. आठाने भागा: सेकंदाला ३२,००० बाइट. फ्लॉपी ड्राइव्ह ४६,०८०. म्हणजे ज्या यंत्राला सगळे मंदपणाचा कळस म्हणून हसत होते, ते कागदोपत्री का होईना, नव्या ब्रॉडबँडपेक्षा वेगवान होतं. हे सांगितलं की माणसं हसत, मग वही काढून स्वतः भागून पाहत.

आता मी नोकरीत नाही, पण भाच्या-पुतण्यांकडून तेच प्रश्न येतात, फक्त शून्यं वाढली आहेत. पेन ड्राइव्हवर 'यूएसबी ३' छापलेलं असतं आणि आतली चिप स्वस्तातली असली की लिहिताना सेकंदाला दहा एमबीही निघत नाहीत. केबलचा वेग आणि चिपचा वेग यांतला फरक टेपवाल्या साहेबांना समजावला होता तोच. हार्ड डिस्कवर हजाराचा हिशेब, बऱ्याच संगणकांच्या पडद्यावर १०२४ चा. म्हणून विकत घेतलेली एक टीबी घरी येईपर्यंत ९३१ जीबी होते.

तुमच्या घरी नवी जोडणी द्यायला येणारा मुलगा 'शंभर एमबीपीएस' म्हणेल. त्याला आठाने भागा, साडेबारा एमबी उरतात. लग्नाच्या व्हिडिओची ४ जीबीची फाइल उतरवायला त्या हिशेबाने साडेपाच मिनिटांच्या आत काम व्हायला हवं. मग त्याला विचारा की हीच फाइल इथून वर चढवायला किती मिनिटं लागतील, आणि रात्री नऊ वाजता किती. पैसे त्याचं उत्तर मिनिटांत मिळाल्यावरच द्या.